वाळूत नाक खुपसणारे सहा जण

मासा डोळा मिचकावतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. माशाला पापण्या नसतात, एवढं शाळेत शिकले होते. पण टाकीतली एक कोरी वाळूवर पोट टेकून बसली होती, मी काचेजवळ वाकून बघत होते, आणि तिचा डोळा खोबणीतल्या खोबणीत झर्रकन खाली वळून परत जागेवर आला. थोड्या वेळाने दुसरीचाही. डोळ्यांना काहीतरी झालंय असं वाटून मी घाबरले. ही त्यांची नेहमीचीच सवय आहे, ते नंतर वाचून कळलं. पापणी नसल्यामुळे अख्खा डोळाच खाली फिरतो, आणि बघणाऱ्याला तो मिचकावल्यासारखा वाटतो.

या माशांच्या बाबतीत मी पहिल्यापासून अशीच चक्रावत आले आहे. जे जे बघून काळजी वाटली, ते बहुतेक वेळा त्यांच्या रोजच्या जगण्यातलंच निघालं. आणि जे सगळे ठामपणे सांगत होते, त्यातलं बरंचसं खोटं निघालं.

कोरी म्हणजे कोरीडोरस. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांत राहणारा बोटाएवढा कॅटफिश. तोंडाशी मिशा, पोट सपाट, आणि अंगावर खवल्यांऐवजी दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी. यांच्या पावणेदोनशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातली काळ्या ठिपक्यांची जात चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरच्या प्रवासात गोळा केली होती आणि लेनर्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये तिचं वर्णन छापलं. माझ्याकडे आहेत त्या कांस्य रंगाच्या, त्रिनिदादपासून खाली दक्षिणेपर्यंत सापडणाऱ्या. त्यांचं नाव शोधायला बसले तर तिथेही गोंधळ. दुकानात आणि जुन्या पुस्तकांत कोरीडोरस एनियस, नव्या यादीत ऑस्टिओगॅस्टर एनिया. दोन वेगळे मासे असावेत असंच मला वाटलं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या मोठ्या कुळाची फेरमांडणी करून कोरींची अनेक प्रजातींत वाटणी केली, म्हणून एकाच माशाची ही दोन नावं. दुकानात मात्र सगळ्याच अजून ‘कोरी’ आहेत आणि मीही तेच म्हणते.

टाकी आमच्या डोंबिवलीच्या घरी आली ती शेजाऱ्यांची पुण्याला बदली झाली म्हणून. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर ७० लिटर पाणी मावेल अशी. तळाशी निळी-गुलाबी खडी होती. मासे कोणते ठेवावेत हे विचारायला डोंबिवलीतल्याच एका दुकानात गेले, तर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, वर गप्पी टाका आणि खाली दोन कॅटफिश. तळाची घाण तेच खातात. त्यांना वेगळं काही घालावं लागत नाही.” दुसऱ्या दुकानात चार वेगवेगळ्या रंगांच्या चार कोरी न्यायला सांगितल्या, “शोभून दिसतात” म्हणून. तिसरा म्हणाला, आठवड्याला मूठभर मीठ टाका म्हणजे रोग येत नाही. प्रत्येक जण खात्रीने बोलत होता आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

शेवटी रविवारी पहाटे कुर्ल्याच्या मासेबाजारात गेले. हा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, की रस्त्याच्या कडेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याच पिशव्या मांडलेल्या असतात, आणि प्रत्येकीत मासे. तिथे एक वयस्कर विक्रेते भेटले. मी कोरी मागितल्यावर त्यांनी किंमत सांगितलीच नाही. आधी विचारलं, “ताई, टाकीत खाली काय घातलंय?” रंगीत खडी, मी म्हटलं. “मग ती काढा आधी. आणि सहा न्यायच्या नसतील तर नकाच नेऊ.” काळ्या ठिपक्यांची जात फार आवडली होती मला, पण तीही त्यांनी देऊ केली नाही. ती थंड पाण्यातली, अर्जेंटिना-उरुग्वेकडची. आपल्याकडचा मे महिना तिला जड जातो. त्यापेक्षा कांस्य कोरी घ्या, टाकी तयार झाली की या, म्हणाले. गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार मी फार वेळा पाहिलेला नाही. माझा विश्वास बसला तो तिथे.

खडी काढली. आता वाळू कुठून आणायची हा प्रश्न. सासूबाई मालवणच्या. त्यांनी लगेच भाच्याला फोन करून किनाऱ्यावरची वाळू मागवायचं ठरवलं. पण समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होत जातं. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघायचं. फसफसली तर ती गोड्या पाण्याच्या टाकीला चालत नाही. बांधकामाच्या दुकानात हल्ली मिळते ती बहुतेक दगड फोडून केलेली, कण धारदार. कोरीच्या मिशा अशा कणांवर घासून झिजतात. शेवटी पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती बारीक, गोलसर कणांची सिलिका वाळू आणली. बादलीत धुतली, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली, आणि दोन बोटं जाडीचा थर पसरला.

पाणी भरलं, स्पंजचा फिल्टर लावला. दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं स्वच्छ. आता मासे का आणायचे नाहीत, हे मला काही केल्या कळेना. कुर्ल्याच्या काकांनी महिनाभर थांबायला सांगितलं होतं. कारण नीट समजून घेतलं तेव्हा एक मोठी गोष्ट उलगडली. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात. स्पंजवर, वाळूवर त्यांची वस्ती व्हायला आठवडे लागतात. म्हणून मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिले आणि तपासणीच्या थेंबांनी पाणी बघत राहिले. अमोनियाची नळी आधी हिरवी झाली, मग पुन्हा पिवळी. त्यानंतर नायट्राइटची नळी जांभळी होऊन बसली आणि किती तरी दिवस उतरेचना. ती निळी झाली तेव्हा घरात मी एकटीच आनंदात होते. बाकीच्यांना अजूनही रिकामी टाकीच दिसत होती.

मग सहा कोरी आणल्या. घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तासाभरात थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात मिसळलं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या. मिशा दिसताच म्हणाल्या, “ह्यां तर शिंगाळ्याचां पिल्लू! काटो मारतला, जपान रव.” मला ते गमतीचं वाटलं, पण त्यांचं अगदी बरोबर होतं. कोरीच्या पाठीवरच्या आणि छातीच्या परांना पुढे टणक काटा असतो, आणि घाबरली की ती तो ताठ करून अडकवून ठेवते. जाळीत पकडली तर काटा जाळीत गुंततो. तेव्हा ओढायचं नाही. जाळी पाण्यात धरून ती स्वतः सुटेपर्यंत थांबायचं, नाहीच सुटली तर जाळीचा धागा कापायचा. आता मी जाळी वापरतच नाही, प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घेते. खूप घाबरलेल्या कोरी अंगातून विषारी स्राव सोडतात आणि कोंदट पिशवीत तोच त्यांच्या जिवावर बेततो, असं जुने हौशी सांगतात. म्हणून सहा मासे एका छोट्या पिशवीत कोंबून कुणी देत असेल तर दोन पिशव्या मागून घ्या.

पहिल्या दिवशी सहाही जणी मागच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून निपचित. कल्ले भराभर हलत होते, बाकी काहीच नाही. आणि अचानक एक जण सरळ वर झेपावली, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावलं आणि तितक्याच वेगाने खाली. मागोमाग दुसरी, तिसरी. माझ्या पोटात गोळा आला. पाण्यात प्राणवायू कमी पडतोय, दुसरं काय असणार? पंप वाढवला, पाणी तपासलं. सगळं ठीक. तरी थोड्या थोड्या वेळाने झेप चालूच.

याचं उत्तर मला अजूनही विलक्षण वाटतं. कोरी हवा गिळते आणि आतड्याने श्वास घेते. आतड्याचा मागचा भाग पातळ असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तिथे रक्तात जातो आणि उरलेली हवा मागच्या वाटेने बाहेर पडते. पाणी उत्तम असलं तरी ती हे करते. आणि बऱ्याचदा सगळ्या मिळून करतात, कारण वर जाणं म्हणजे पक्ष्याच्या, मोठ्या माशाच्या नजरेला पडणं. एकटीने जाण्यापेक्षा घोळक्याने गेलेलं बरं. ओळखायचं एवढंच, की अधूनमधूनच्या झेपा नेहमीच्या आहेत. त्या सतत व्हायला लागल्या, मासे वरच घुटमळायला लागले, तर मात्र पाण्यात काहीतरी बिघडलंय.

दोन-तीन दिवसांनी त्या कोपऱ्यातून बाहेर आल्या, आणि मग वाळूचं कारण डोळ्यांनी पाहिलं. कोरी आधी मिशांनी वाळू चाचपते. मग तोंड खुपसते, इतकं की वाळू डोळ्यांपर्यंत येते. क्षणभर थांबते. आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूच्या दोन बारीक धारा मागे सांडायला लागतात. आत काय घडतं ते बाहेरून दिसत नाही, पण खाण्याजोगा कण तेवढा पोटात जातो आणि वाळू बाहेर पडते. सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बाईची नजर जशी सुपावर असते तशी एकाग्रता. चार इंच पुढे सरकायचं, पुन्हा तेच. वाळूवर छोटे छोटे खळगे पडत जातात. जाड खडीवर हे होऊच शकत नाही. खडीवर ठेवलेल्या कोरी मी दुकानांतून पाहिल्या आहेत, नुसत्या बसून असतात. त्या आळशी नाहीत. त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलेलं असतं.

या कामालाच लोक ‘साफसफाई’ म्हणतात. पण वाळूत त्या शोधतात ते किडे, अळ्या, खाण्याचे कण. विष्ठा त्या खात नाहीत. काचेवरचं शेवाळही नाही. वरच्या माशांनी टाकलेल्या उष्ट्यावर सोडलं तर त्या हळूहळू उपाशी मरतात, आणि अंगावरच्या हाडांच्या पट्ट्यांमुळे त्यांचं खंगणं नवख्याला लवकर कळतही नाही. त्यांना बुडणाऱ्या गोळ्या घालाव्या लागतात, आणि त्याही संध्याकाळी दिवा बंद केल्यावर, म्हणजे वरचे मासे पळवत नाहीत. कधीतरी गोठवलेल्या लाल अळ्या. तळाची साफसफाई करायची ती आपणच, सायफनने, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून. तळ घाण राहिला तर सगळ्यात आधी कोरीच्याच मिशा सडतात. मिठाच्या बाबतीतही विचारपूस केली. मीठ आणि तांबं असलेली औषधं या माशांना सोसत नाहीत असं बहुतेक जाणकार सांगतात, म्हणून मुठीने मीठ टाकणं मी केलंच नाही.

सहाच का, हेही बघता बघता समजलं. एक पुढे सरकली की जाता जाता ती शेजारणीला अंगाने हलकेच ढुसणी देते, आणि ती दुसरी निघते. मी हे योगायोग समजत होते. पण केंब्रिजच्या संशोधकांनी कांस्य कोरींच्या याच ढुसण्यांचा अभ्यास केला आहे. घोळका एकत्र राहावा, बरोबर हलावा म्हणून त्या एकमेकींना असा स्पर्श करतात. हे वाचल्यावर दोनच कोरी विकणाऱ्या त्या मुलाचं बोलणं आठवून मला वाईट वाटलं. चार रंगांच्या चार कोरींचंही तेच. त्या एकमेकींजवळ बसतील, पण प्रत्येक जात आपापल्या जातीच्या सोबतीनेच खरी खुलते.

एप्रिल-मे काळजीत गेला. पाणी ३१-३२ अंशांवर जायचं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. दुपारी पडदे ओढले, टाकीचा दिवा कमी वेळ लावला, झाकण काढून जाळी टाकली आणि पाण्यावर छोटा टेबलफॅन सोडला. बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंश उतरतं, पण आपल्या दमट हवेत त्यालाही मर्यादा आहे. खाणं कमी केलं. बर्फाच्या बाटल्या सोडायचा सल्ला मिळाला होता. तापमान एकदम वरखाली होणं जास्त वाईट, म्हणून तो मानला नाही. वीज गेली तर चालावा म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवला. ज्यांच्या घराला दुपारचं ऊन थेट लागतं त्यांनी कोरी घेण्याआधी एक उन्हाळा पाण्याचं तापमान मोजून बघावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

जूनमध्ये पाऊस लागला. नळाचं पाणी गार झालं होतं. संध्याकाळी पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत धावपळ. बारक्या नर कोरी सगळ्यात जाड मादीच्या मागे लागल्या होत्या. मध्येच एक नर आडवा व्हायचा आणि मादी त्याच्या पोटाशी तोंड लावून थांबायची, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात. नर तिला इजा करतोय की काय, त्यांना वेगळं करावं का, मला काही सुचेना. मग मादी तिथून सुटली, पोटाखालचे दोन पर एकत्र मिटलेले, आणि त्या ओंजळीत दोन-तीन पांढुरकी अंडी. काचेपाशी गेली, एक जागा तोंडाने चाचपली, पोट काचेला टेकवलं, आणि अंडी तिथे चिकटली.

त्या टी आकारात काय घडतं, ते जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये याच कांस्य कोरीवर दाखवलं. मादी नराचं वीर्य पिते. ते तिच्या आतड्यातून झपाट्याने, न पचता पुढे जातं आणि परांत धरलेल्या अंड्यांपाशी बाहेर पडतं. ज्या आतड्याने श्वास घेते, त्यातूनच. मी दुपारपर्यंत टाकीसमोरून उठले नाही. स्वयंपाक सासूबाईंनी केला, आणि मध्येमध्ये येऊन त्याही बघून गेल्या.

अंडी आईबापांनीच खाऊ नयेत म्हणून बोटाने अलगद सुटी करून वेगळ्या भांड्यात ठेवली, बुरशी धरू नये म्हणून पाण्यात मिथिलीन ब्ल्यूचा थेंब. पांढरी पडून बुरशी धरलेली रोज काढून टाकली. चारेक दिवसांत पिल्लं बाहेर आली, पापणीच्या केसाएवढी. अंगचा बलक संपल्यावर त्यांना ताजी आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, घातली. बरीच गेली. जी राहिली त्यांना मिशा फुटल्या आणि ती लगेच भांड्याचा तळ चाचपायला लागली.

आता कुणी टाकी घेणार म्हटलं की मी त्यांना सांगते, आणि इथेही सांगते. तळ घाण आहे म्हणून कोरी आणू नका. वाळू घालायची तयारी असेल, टाकीला महिनाभर रिकामं ठेवायचा धीर असेल, एकाच जातीच्या सहा न्यायच्या असतील तर आणा. नीट राहिल्या तर दहा वर्षंसुद्धा जगतात. दुकानदारांनाही विनंती आहे, की त्यांना झाडूवाले म्हणून जोडीने विकू नका. आणि कुर्ल्याला जाणार असाल तर पहाटेच जा. ऊन चढलं की पिशव्यांतलं पाणी तापतं, आणि तापलेल्या पिशवीतली कोरी घरी नेली तरी बहुधा जगत नाही.